एक ओळ वाढवा

अकरावीला प्रवेश हवा असेल तर आता कागदाचा अर्ज चालत नाही. २०२५-२६ पासून अख्ख्या महाराष्ट्रात, मुंबईपासून भामरागडपर्यंत, ही प्रक्रिया ऑनलाइन झाली. नोंदणी ऑनलाइन, पसंतीक्रम ऑनलाइन, गुणवत्ता यादी ऑनलाइन. मे २०२५ मध्ये पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं आणि वेळापत्रक पुढे ढकलावं लागलं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. सीईटीची नोंदणी, हॉल तिकीट, निकाल, सगळं पडद्यावर. दुसरा रस्ता ठेवलेलाच नाही.

ही सक्ती सरकारची आहे. ती पाळायला लागणारं इंटरनेट मात्र ज्याचं त्याने बघायचं. पैसे असतील तर रिचार्ज मारा, गावात रेंज असेल तर नशीब, नसेल तर टेकडी चढा. दहावी पास झालेली मुलगी तालुक्याच्या नेट कॅफेत रांगेत उभी राहते, अर्ज कॅफेवाला भरतो, पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. ओटीपी येतो वडिलांच्या फोनवर. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या दिवसांत बीडमधल्या कितीतरी मुलांचे आईवडील पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर असतात, आणि घरातला एकुलता एक फोन त्यांच्याबरोबर गेलेला असतो. त्या मुलाने अर्ज भरायचा कसा, हे पोर्टल बनवणाऱ्याने एकदा तरी स्वतःला विचारायला हवं होतं.

सक्ती करण्याला माझा विरोध नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, आणि त्या काळी रुपया ही लहान रक्कम नव्हती. पण सक्ती करताना त्यांनी ते शिक्षण मोफतही केलं. फी पालकाने भरायची आणि दंडही पालकाने सोसायचा, असा अन्याय त्यांनी होऊ दिला नाही. आमच्या आजच्या सरकारांनी सक्तीचा अर्धा भाग उचलला आणि मोफतचा अर्धा भाग तिथेच सोडला.

माझी मागणी सरळ आहे. ज्या इंटरनेटवाचून विद्यार्थ्याला शिकता येत नाही, प्रवेश मिळत नाही, शिष्यवृत्ती मिळत नाही, ते इंटरनेट त्याचा कायदेशीर हक्क झालं पाहिजे. योजना नको, मेहेरबानी नको. हक्क हवा, म्हणजे नाही मिळालं तर तक्रार कुठे करायची, उत्तर कुणी द्यायचं आणि किती दिवसांत द्यायचं हे ठरलेलं असेल.

न्यायालयांनी हे सांगितलंच आहे की, असं काही जण म्हणतील. सांगितलं आहे, पण अर्धंच.

सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एक सुंदर निकाल दिला. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात नियम होता: संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल जमा करायचा. अभ्यासाच्या नेमक्या त्याच वेळेत. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही. तिला वसतिगृहातून काढून टाकलं. ती न्यायालयात गेली. न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी म्हटलं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत वसतिगृहात घ्या. शिस्तीच्या नावाखाली सज्ञान मुलीच्या हातातलं अभ्यासाचं साधन काढून घेता येत नाही, हे एका राज्याच्या उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. त्या मुलीच्या धैर्याला सलाम करावा तेवढा थोडा.

पण तिच्या हातात फोन होता. तो हिसकावू नका, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता. जिच्या हातात फोनच नाही, जिच्या पाड्यावर टॉवरच नाही, तिला या निकालाने काय मिळालं?

जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या इंटरनेटबंदीवर निकाल दिला. इंटरनेटवरून बोलण्याचं आणि व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य घटनेने जपलेलं आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, बंदीचे आदेश जाहीर करा, असं न्यायमूर्ती रमणा यांच्या पीठाने बजावलं. मात्र मुळात इंटरनेट मिळणं हाच मूलभूत हक्क आहे का, यावर मत दिलं नाही, कारण तसा युक्तिवाद कुणी केलाच नव्हता. आणि काश्मीरच्या मुलांचं पुढे काय झालं? ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट बंद झालं. थोडं सुरू झालं ते टूजीच्या वेगाने. त्यात कोरोना आला, शाळा ऑनलाइन गेल्या. टूजीवर व्हिडिओचा धडा उघडत नाही. तिथल्या खाजगी शाळांची संघटना वेगाच्या मागणीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या दारात उभी राहिली. मे २०२० मध्ये न्यायालयाने प्रश्न एका समितीकडे सोपवला. फोरजी परत आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे दीड वर्षाने. मुलाची सातवी आणि आठवी त्यात निघून गेली, ती कुठल्या समितीने परत द्यायची?

आता खरा हक्क कुठे मिळत होता ते पाहा. दिल्ली उच्च न्यायालय, सप्टेंबर २०२०. खाजगी शाळांत राखीव २५ टक्के जागांवर शिकणाऱ्या गरीब मुलांना ऑनलाइन वर्गासाठी उपकरण आणि इंटरनेट शाळेने मोफत द्यावं, खर्चाची भरपाई सरकारकडून मागावी, असा आदेश झाला. शेजारच्या बाकावरचा मुलगा वर्गात आहे आणि हा फोन नाही म्हणून बाहेर, हा भेदभाव कायद्याला मान्य नाही, हा त्यामागचा विचार. पहिल्यांदाच कुणीतरी ‘हिसकावू नका’च्या पुढे जाऊन ‘द्या’ म्हटलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. त्याच न्यायालयाच्या न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने ऑक्टोबर २०२१ मध्ये या डिजिटल दरीबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली आणि दिल्ली सरकारला योजना आखायला सांगितलं. चिंता खरी होती. तोवर मुलं दीड वर्ष वर्गाबाहेर होती.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेलं. अॅसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्यांना आणि दृष्टिहीनांना केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करता येत नव्हतं, कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावा म्हणणारी यंत्रणा त्यांना दारातच अडवत होती. तेव्हा न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. फार मोठी गोष्ट आहे ही. पण निकाल वाचून टॉवर उभा राहत नाही. त्यासाठी कायद्यात ओळ लागते आणि अंदाजपत्रकात पैसा.

ती ओळ कुठे घालायची, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याला एक अनुसूची जोडलेली आहे, शाळेत काय काय असलंच पाहिजे याची. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, पोषण आहार शिजवायला स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. ग्रंथालयात पुस्तकं, नियतकालिकं, आणि हो, वर्तमानपत्रसुद्धा. इंटरनेट नाही. २००९ मध्ये ते सुचलं नसेल, समजू शकतो. त्यानंतर कोरोना येऊन गेला, सगळा शिक्षण विभाग पोर्टलवर गेला, तरी अनुसूची आहे तिथेच.

आणि ती बदलणं किती सोपं आहे! याच कायद्याचं कलम २० सांगतं की केंद्र सरकारला अधिसूचना काढून अनुसूचीत निकष वाढवता येतात. घटनादुरुस्ती नको, संसदेत विधेयक नको. एक अधिसूचना. ‘प्रत्येक शाळेत चालू स्थितीतलं इंटरनेट’, एवढी ओळ. पंधरा वर्षांत एकाही शिक्षणमंत्र्याला ती लिहावीशी वाटली नाही.

ओळ लिहिली म्हणून उद्या सकाळी रेंज येणार नाही, हे मला माहीत आहे. स्वच्छतागृहं तरी कुठे लगेच आली? पण ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत शाळांत पाणी आणि स्वच्छतागृहं द्या म्हणून बजावलं, तेव्हा पालकांच्या बाजूने कायदा उभा होता. जे अनुसूचीत आहे ते मागता येतं. जे नाही त्यासाठी नुसती विनवणी करावी लागते, आणि विनवणीला अधिकारी ‘निधी आला की बघू’ म्हणतो.

आकडे काय सांगतात? केंद्राच्याच यू-डायस अहवालानुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होतं. म्हणजे जवळजवळ निम्म्या शाळांत नव्हतं. हा आकडा शाळेने भरून दिलेल्या माहितीचा. मुख्याध्यापकाने स्वतःच्या फोनचं हॉटस्पॉट लावून माहिती भरली आणि संध्याकाळी फोन खिशात घालून तो घरी गेला, तर मुलांच्या वाट्याला काय आलं, हे त्या आकड्यात दिसत नाही. वायर आलेली आहे पण वीजबिल थकलं म्हणून मीटर बंद, अशाही जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. म्हणून ‘चालू स्थितीतलं’ हा शब्द मी आग्रहाने लिहिला.

पैशाचं रडगाणं नको. टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के रक्कम ज्या निधीत जाते, तो निधी ग्रामीण भागात सेवा पोहोचवण्यासाठीच २००२ पासून अस्तित्वात आहे. आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना मंजूर झाली ऑक्टोबर २०११ मध्ये. सुरुवातीची मुदत २०१३ ची होती. २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्यासाठी आणखी १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. पैसा आहे. नाही ते उत्तरदायित्व. ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलूपबंद डबा आहे, त्यावरचा दिवा विझलेला आहे, आणि तो कुणी लावायचा हे सरपंचालाही ठाऊक नाही. तक्रार करायला नाव नाही, नंबर नाही.

२०२५ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्र्यांनी सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा केली. स्वागत आहे. पण प्राथमिक शाळांचं काय? शिक्षण हक्क कायदा ज्या सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, त्यांतली बहुतेक मुलं तिथेच बसलेली असतात. पाया सोडून वरचा मजला बांधायला घेतला आहे.

दुसरी बाजू घराची. शाळेत इंटरनेट आलं तरी अभ्यास घरीही असतो, आणि ऑनलाइन वर्ग कोरोनाबरोबर संपलेले नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये हवा विषारी झाली तेव्हा दिल्लीतल्या शाळा पुन्हा ऑनलाइन गेल्या. यूजीसीने विद्यापीठांना ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून शिकण्याची मुभा दिली आहे. म्हणजे पदवीचा मोठा भाग घरच्या रिचार्जवर मिळवता येईल, ज्याच्याकडे रिचार्ज असेल त्याला.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये म्हटलं आहे की प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल असं कोणतंही शुल्क किंवा खर्च मुलाकडून घेता येणार नाही. शाळा अभ्यास व्हॉट्सअॅपवर टाकते. तो उघडायला डेटा लागतो. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी दर वाढवले. रिचार्जचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षात तेरा रिचार्ज. रोजंदारीवरच्या आईला हा खर्च जाणवतो. मग हा कलम ३ मधला ‘खर्च’ नाही तर काय आहे? एखाद्या वकिलाने हा मुद्दा उच्च न्यायालयात नेऊन पाहावाच.

फोन घरात आला म्हणजे मुलीच्या हातात आला, असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के होते, स्त्रिया ३३ टक्के. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची मुलं पाहा. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, मुली २६.९ टक्के. घरात एक फोन आणि तीन मुलं असली की आधी दादा, मग धाकटा, मग ताईला स्वयंपाक झाल्यावर. कोझिकोडची ती मुलगी ज्या नियमाविरुद्ध लढली तो कॉलेजचा होता. अशा किती घरांत तोच नियम न लिहिता पाळला जातो! घरातल्या न्यायावर कायदा चालवणं अवघड आहे हे कबूल. म्हणूनच शाळेतलं, वाचनालयातलं, ग्रामपंचायतीतलं सार्वजनिक इंटरनेट मुलींसाठी जास्त महत्त्वाचं आहे. तिथे तिला दादाची परवानगी लागत नाही.

मोबाइलने पोरं बिघडली, आणि तुम्ही हक्क काय मागता, हा आक्षेप मी दर सभेत ऐकते. आक्षेप पोकळ नाही. त्याच ‘असर’ अहवालात आठवड्याभरात फोन अभ्यासासाठी वापरणारी मुलं ५७ टक्के आहेत आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर स्वतःचा उपाय काढला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. मला हा उपाय आवडतो, कारण त्यात मोठी माणसंही आपला टीव्ही बंद करतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांसी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीच केली. ते मला पटत नाही. बंदी फक्त लहानांवर, आणि अर्ज मात्र त्याच लहानांनी पोर्टलवर भरायचा? मुलाला वापराची शिस्त लावा, जरूर लावा. त्यासाठी साधनच काढून घेतलं तर ती शिस्त तो शिकणार कशावर?

आणि बंदी घालण्यात सरकारही मागे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून अनेक जिल्ह्यांत इंटरनेट बंद केलं. झारखंडनेही २०२४ मध्ये एका भरती परीक्षेसाठी तेच केलं, आणि तिथल्या उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. प्रश्नपत्रिका फुटते ती कार्यालयातून. शिक्षा होते त्या दिवशी घरी बसून शिकणाऱ्या, अर्ज भरणाऱ्या प्रत्येक मुलाला. परीक्षा हे इंटरनेट तोडण्याचं कारण होऊ शकत नाही, हेही कायद्यात लिहून टाकलं पाहिजे.

हे सगळं स्वप्नरंजन नाही. फिनलंडने जुलै २०१० पासून प्रत्येक नागरिकाला एक एमबीपीएस जोडणी हा कायदेशीर हक्क केला. थंड, विरळ वस्तीचा देश, जंगलातल्या एकट्या घरापर्यंत वायर नेणं महाग, तरी केला. श्रीमंत देश आहे म्हणाल, तर केरळ पाहा. तिथल्या सरकारने २०१७ च्या अंदाजपत्रकात इंटरनेट हा नागरिकाचा हक्क मानला, आणि जून २०२३ मध्ये के-फोन हे स्वतःचं फायबर जाळं सुरू केलं, २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचं उद्दिष्ट ठेवून. काम मंद आहे, उद्दिष्ट अजून लांब आहे. पण तिथला माणूस सरकारला विचारू शकतो: हक्क म्हणालात, मग माझी जोडणी कुठे? महाराष्ट्रातला माणूस काय विचारणार? त्याला कुणी तसा शब्दच दिलेला नाही.

२०२० मध्ये सिंधुदुर्गातल्या एका मुलीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून पावसात अभ्यास केला. सगळ्या वाहिन्यांनी तिचं कौतुक केलं. सोलापुरात शिक्षकांनी वस्तीतल्या भिंतींवर धडे रंगवले, पालघरच्या पाड्यांत लाउडस्पीकरवरून शाळा भरली. त्या सगळ्यांबद्दल मला अपार आदर आहे, आणि त्यांच्या कौतुकाच्या बातम्या वाचताना संतापही आला. मुलांच्या जिद्दीवर सरकारने आपलं काम ढकलायचं नसतं.

महाराष्ट्राने दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहत बसण्याचं कारण नाही. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आपलाच आहे. दाखला किती दिवसांत, कुणी द्यायचा, नाही दिला तर अपील कुणाकडे, हे त्यात ठरलेलं असतं. शाळेतलं बंद पडलेलं इंटरनेट दुरुस्त करणं ही त्या कायद्याखाली अधिसूचित सेवा करा आणि तिला मुदत घाला. प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या प्रत्येक पोर्टलला शाळेत भरून घेतलेला कागदी अर्ज हा पर्याय ठेवा, जोवर शेवटच्या पाड्यावर रेंज पोहोचत नाही तोवर. दोन्हीला मंत्रालयाची इच्छा पुरेशी आहे.

पालकांनीही एक काम आजच करावं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात, निम्म्या जागा स्त्रियांच्या. शाळा विकास आराखडा ही समिती तयार करते, आणि कलम २२ प्रमाणे शासनाच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असतो. पुढच्या बैठकीत त्यात इंटरनेट लिहा: जोडणी, मासिक खर्च, वीजबिल, दुरुस्ती, चारही रकमांसकट. ठराव करा, सह्या घ्या, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच मागा. नकार आला तर तो लेखी मागा. त्या लेखी नकाराचे कागद जिल्ह्याजिल्ह्यातून जमा झाले, तर जनहित याचिकेला लागणारा पुरावा तयार असेल.